कर्णधार बोलत असताना

१ सप्टेंबर, पहाटे ५.१०
अंडर-सेव्हन्टीनच्या तमाम कर्णधारांनो! आपलं दुःख एकच आहे. ज्युनिअर ऐकत नाहीत!
(सुरुवात जमली. आज प्रॅक्टिसला हीच. तिथे कर्णधार मी एकटीच असेन, पण जोर येतो.)
देवळीचा मुलींचा कबड्डी संघ. वयात बसायचं माझं हे शेवटचं वर्ष. जिल्हा जिंकायचा, नागपूरला विभागीय खेळायचं. तीन सेनापतींची चरित्रं वाचून झाली आहेत. तयारी पूर्ण.

१ सप्टेंबर, संध्याकाळ
भाषण चाळीस मिनिटं. विषय त्याग. कबड्डी राहिली. आठवीतली काजल मध्येच म्हणे, ताई, पायाले मुंग्या आल्या, जराशी पळून घेऊ का? नवा नियम: कर्णधार बोलत असताना मधात बोलायचं नाही.

९ सप्टेंबर
प्रगती. कोणी मधात बोलत नाही. संघातली आचल डोळे उघडे ठेवून झोपते, असं आमच्या कोच हरिदास सरांचं म्हणणं. एकाग्रता अशीच दिसते, हे सरांना कोण सांगणार?

१७ सप्टेंबर
काजल उशिरा. म्हणे, सोयाबीन सोंगाले गेलती. कापणी ही काय सबब झाली? शिक्षा म्हणून तिला एकटीला भाषण. नंतर तिने एकाच चढाईत आम्हा चौघींना बाद केलं. माझ्या शब्दांचा परिणाम लगेच दिसतो.

२६ सप्टेंबर
उद्या वर्ध्याला फायनल. समोर पुलगाव. घसा बसलाय. किरकोळ. संकल्प: उद्या फक्त पाच मिनिटं बोलायचं.

२७ सप्टेंबर, सकाळ
एसटीत देवळीपासून वर्ध्यापर्यंत बोलले. कंडक्टरकाका म्हणाले, पोरी, पानी पी, नाईतं उतर. ग्राउंडवर काजल दोनदा काहीतरी सांगायला आली. बोट ओठांवर ठेवून नियमाची आठवण दिली. गुमान गेली. याला शिस्त म्हणतात.

दुपारी ४
२८-२८. शेवटची चढाई. दिवसभर चढाया काजलनेच केल्या होत्या. सर ओरडले, काजलले पाठव! अशा वेळी कर्णधार मागे राहत नाही. मी गेले. कबड्डी, कबड्डी म्हणत होते, अगदी मनापासून. पंचांना ऐकू आलं नाही. शिट्टी. दम नाही म्हणून पुलगावला एक गुण. हरलो.
पंचांचे कान तपासावेत, असा अर्ज करणार.

२८ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही.
अर्जावर साक्षीदार हवा. आचलला लिहून विचारलं. ती म्हणे, ताई, आमालेई नाई आलं ऐकू. तुहा आवाज तं एसटीतच गेलता. काजल तेच सांगाले आलती ना दोनदा. तूच चूप बसवलं तिले.
अर्ज फाडला.

२९ सप्टेंबर
पुढच्या वर्षीची कर्णधार काजल. सरांनी जाहीर केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वेळी वाजवल्या होत्या का, आठवत नाही.
हे पान फाडून आचलच्या हाती पाठवते आहे. काजल, मी मधात बोलणार नाही, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये आणि त्या दिवशी काय सांगणार होतीस, ते पूर्ण सांग.