मेंढवाड्याचा वरचा कोपरा

१८ ऑगस्ट १९४०
रोजनिशी ठेवायला बंदी आहे. ठेवतोय. कोणाशी तरी बोलायला हवंच ना!

आमच्या गुप्त तुकडीचं भुयार पूर्ण झालं. डोंगरावरच्या आमच्या मेंढवाड्याच्या वरच्या कोपऱ्याखाली — सहा जणांपुरती जागा, झोपायला फळ्या, एक शेगडी, स्फोटकांचे डबे. जर्मन स्कॉटलंडात उतरले तर आम्ही खाली दडायचं. ते पुढे सरकले की मागून पूल उडवायचे. "किती दिवस टिकू?" मी विचारलं. सार्जंट म्हणाला, "पंधरा दिवस. तेही तुझं नशीब असेल तर!" सगळे हसले. मीही.

घरी अवाक्षर काढायचं नाही, अशी शपथ. घरी आहेत कोण? फक्त बाबा.

६ ऑक्टोबर
दर रविवारी सराव, गाव चर्चमध्ये असतं तेव्हा. बाबा चर्चच्या पंचांपैकी. पहिल्या बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी.

काल दुकानात मिसेस गेडीज सगळ्यांदेखत म्हणाली, "थोरला आर्ची बिचारा जर्मनांच्या कैदेत, आणि हा धाकटा बघा! ना सैन्यात, ना देवाच्या दारात. बाई ठेवलीयस का रे डोंगरात?" हसलो. घरी येऊन कितीतरी वेळ बूट पुसत बसलो.

बाबा काहीच विचारत नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी १९४१
बर्फ. दिवसभर खाली शेगडीपाशी. घरी परतलो, तर मागून बाबा डोंगर उतरत आले, खांद्यावर फावडं, मागे आमची कुत्री नेल.
"एवढ्या बर्फात कशाला गेलात?"
"मेंढ्या हलवल्या. त्या कोपऱ्यातलं गवत वाईट आहे."
बर्फाखाली कसलं गवत! सत्तरीत माणूस हट्टी होतो. पण महिन्याभरातलं आमचं सगळ्यात लांब बोलणं हेच.

२ मार्च
पुन्हा बर्फ, पुन्हा गेले. खोकत. "कुत्रीला एकटीला पाठवा की!" म्हटलं.
"शिकवतोय तिला," म्हणाले.

११ नोव्हेंबर
बाबांना पुरलं. छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं.

शेवटच्या दुपारी सांगायला तोंड उघडलं होतं. शपथ आठवली, मिटलं. त्यांच्या लेखी मी पळपुटाच राहिलो. चुलीत गेली ती शपथ!

१४ डिसेंबर
पहिला बर्फ. बाकीचे पोहोचलेच नाहीत. एकट्यानेच शेगडी पेटवली, दुपारी वर आलो. सगळा डोंगर पांढरा, फक्त भुयारावरची जमीन ऊब लागून काळी, ओली. तिच्यावर आमच्या मेंढ्या दाटीवाटीने बसलेल्या. विमानातूनही दिसेल अशी खूण! मेंढपाळाचा मुलगा मी, आणि मला हे सुचू नये?

मी शीळ घालायच्या आत नेल उठली. एकेक मेंढी उठवून भिंतीपलीकडे नेली. मग भिंतीला टेकवलेल्या बाबांच्या फावड्यापाशी जाऊन बसली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी फावडं उचललं. काळ्या जमिनीवर बर्फ पसरला.