विधवेच्या ताटातला मासा

ता. ८ जाने. १९५२. बेहाला, कलकत्ता.
माझ्या ताटातल्या माशाने खालच्या मजल्याचा धर्म बुडाला म्हणे! घरमालकाची आई, सगळे तिला ठाकुमा म्हणतात, स्वतः विधवा, पांढरं नेसते, एकवेळ जेवते. जिन्यात उभी राहून ओरडली. माझी नात शकू शाळेत बंगाली शिकलीय, तिने मराठीत सांगितलं, "आजी, विधवेने मासा खाल्ला तर घर विटाळतं, म्हणते. मासा सोडा, नाहीतर खोली सोडा."
सदूला, माझ्या लेकाला, बदलून येऊन चार महिने. सरकारी हापिसर, पण तोंड रडवेलं. "आई, इथं असेपर्यंत सोड ना मासा. सियालदह स्टेशनच्या फलाटावर निर्वासित माणसं संसार मांडून बसलीत. दुसरी खोली कुठं मिळणार?"
म्हटलं, तुझा बाप गेल्यावर मालवणच्या बाजारात माशाची पाटी घेऊन बसले, त्यावर तू शिकलास. तेव्हा नाही विटाळलास?

ता. १०
मासा बंद. वरणभात. जीभ गंजली.
ठाकुमाला संक्रांतीला गंगासागरला बुडी मारायचीय. तिच्या मुलाला सवड नाही, तिच्या सुनेला पाण्याची भीती. शकूकडून निरोप धाडला, मी नेते. सदूने कपाळाला हात लावला. ती हो म्हणाली! गरजेला विटाळ नसतो.

ता. १४. सागर.
आगबोटीत जेमतेम बसायला जागा. हा समुद्र? चहासारखा गढूळ. ना डोंगर, ना कातळ, नुसती सपाट वाळू नि चिखल. पण रुंदी... असो. सूर्य वर आला तशा बायका जीभ हलवून लुलूलू करू लागल्या. अंगावर काटा आला. थंडीचा असेल.
ठाकुमा लाटेला छाती देऊन उभी. दुसऱ्या लाटेने पाय काढले, पांढरं लुगडं तेवढं दिसलं. पदर खोचून शिरले, दंडाला धरून ओढली. "लाटेला कूस दे गं, कूस!" मराठीत ओरडले, तरी कळलं. वळली. मग धरून तीन बुड्या घातल्या.
परतताना माझा हात सोडेना. विटाळ सागरात वाहून गेला वाटतं.

ता. १७
ठाकुमा पुन्हा जिन्यात. शकूला म्हणाली, "आजीला सांग, मासा कर. माझ्या मुलाला मी बघते."
जिंकले! सदू स्वतः भेटकी, इथला आवडता मासा, घेऊन आला. गावच्या पुडीतली सोलं, तिरफळं, वर नारळाचं वाटप. माझ्या सुनेने दोनदा भात घेतला, नाक मुरडायला विसरली.

ता. १९
ठाकुमाने शकूला हळूच विचारलं, नारळातला मासा लागतो कसा? विसाव्या वर्षी विधवा झाली, मुलगा कडेवर. तेव्हापासून...
मी कशाला बोलू. आज वाटीभर कालवण, वर ताटली. तिच्या स्वयंपाकघरात नाही, तिचं सोवळं तिच्यापाशी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवलं. शकूला सांगायला लावलं, हवं तर घे, नको तर राहू दे.
दिवेलागणीला पाहिलं. पायरीवर वाटी नाही, ताटली नाही. खाल्लं की गटारात ओतलं, कुणास ठाऊक.
शकू म्हणते, विचारून येऊ? खबरदार! शकूने दार वाजवायचं नाही, सदूने तिच्या मुलाकडे विषय काढायचा नाही, मुलाने आईच्या वतीने तोंड उघडायचं नाही. वाटी तिने नेली. जबाब तिनेच द्यायचा.