दोन जड, एक हलकी

सोमवार, ३ तारीख

ताईने निघताना ही वही माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, तुझ्या तोंडाचा पट्टा ऐकून घ्यायला तिकडे कोणी नसणार, तेव्हा वहीशी बोल, म्हणजे त्या बिचाऱ्या यंत्राचे कान तरी वाचतील. सख्खी बहीण आहे म्हणून ऐकून घेतलं, दुसऱ्या कुणाला सोडलं नसतं.

तर वहीबाई, पोचलो एकदाच्या! घर झकास आहे. स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यावर येतं, आणि खारूला चक्क स्वतःची खोली आहे. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं पाच. दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून खारूताई. आल्या आल्या तिने पलंगावर उड्या मारल्या, पडद्यामागे लपून मला भ्यॉ केलं, आणि मी दचकल्याचं सोंग केल्यावर पोट धरधरून हसली. तिचे बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मला भरूनच आलं.

काम काय, तर घरकाम! कंपनी घरात वावरणारी यंत्रं बनवते. इंजिनीअरबाई सांगत होत्या की यंत्रांना सगळं येतं, पण लोकांना त्यांचा हात आवडत नाही. म्हणून आता खऱ्या आईचा हात हवाय. मी पातळ हातमोजे घालून रोजची कामं करायची आणि यंत्राने ती शिकायची. इतकी वर्षं फुकट केलेल्या कामाचा पगार मिळतोय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते?

घरात एकही कॅमेरा नाही, हे मला सगळ्यात आवडलं. घर माणसाला हातावरून आणि चालीवरून ओळखतं. प्रत्येक दाराशेजारी काळी पट्टी आहे, तिच्यावर हात टेकला की काम झालं. नळ, शेगडी, फोन, सगळं तसंच. माझा मोबाइल कंपनीने ठेवून घेतलाय, हातमोज्यांना त्याचा अडथळा होतो म्हणे. रोज संध्याकाळी घर परस्पर ताईला 'सगळं ठीक' असा निरोप पाठवणार आहे. चला, ताईच्या उलटतपासणीतून सुटका.

जाताना इंजिनीअरबाईंनी विचारलं की लेकीसाठी काही वेगळा नियम हवाय का. मी लगेच सांगितलं, घरात परकं माणूस असलं की खारूच्या खोलीचं दार तिच्या आईशिवाय कुणालाही उघडता कामा नये. जुन्या घरी शेजाऱ्यांचा एक दारुडा पाहुणा तिच्या खोलीत शिरला होता, ते मी अजून विसरलेले नाही. बाईंनी माझा हात पट्टीवर ठेवून घेतला, घराने मऊ आवाजात हो म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवार, ६ तारीख

यंत्राचं बारसं झालं. नाव ठेवलंय ठोंब्या! काम संपलं की जिथल्या तिथे खांबासारखा उभा राहतो, म्हणून. उंची माझ्याएवढीच. चेहरा नाहीच, नुसतं गुळगुळीत. हात मात्र मऊ आहेत आणि ऊबदार. पहिल्यांदा हात लागला तेव्हा अंग शहारलं माझं.

पण काय तो गोंधळ! फडकं पिळलं तर फरशीवर तळं. कपबशी विसळायला दिली तर बशी हातात आणि कपाचे तुकडे. खारूच्या फ्रॉकची घडी घातली ती वडीएवढी, उघडताना दोघींना ओढावी लागली. खारू हसून हसून लोळली. मी म्हटलं, बाळा ठोंब्या, तुझं कसं व्हायचं रे, सासरी नांदायचं कसं? त्याने मान माझ्याकडे वळवली आणि घडी मोडून पुन्हा घातली. या वेळी बरी होती.

इंजिनीअरबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, घाई नको, हाताला वळण लागायला वेळ जातो.

मंगळवार, ११ तारीख

वळण लागलं की हो! आज कांदा अस्सा बारीक चिरला, की मलाच कळेना कुठला माझा आणि कुठला त्याचा. फडकं पिळून दोरीवर टाकताना मी एक झटका देते, तोही उचललाय.

आणि आज दुपारी त्याला थोपटायला शिकवलं. इंजिनीअरबाईंना तेच सगळ्यात जास्त हवं होतं. खारूला झोपवायची माझी एक रीत आहे. दोन जड थापा, एक हलकी. पुन्हा दोन जड, एक हलकी. तोंडाने नुसतं हं-हं. ही रीत माझ्या आईची. लग्न झाल्यावरही मी माहेरी गेले की ती मला अशीच थोपटायची, आणि मी घोडी झालेली बाई लहान मुलीसारखी गाढ झोपायचे. आई गेल्यापासून तशी झोप काही मला लागलेली नाही.

पडदे ओढले. आधी मी थोपटलं, मग हळूच हात काढला आणि त्याने ठेवला. खारू जरा चुळबुळली. दोन जड, एक हलकी. हं-हंसुद्धा माझंच! बघता बघता लेक घोरायला लागली. मी दारात उभी राहून बघत होते. छान वाटलं, आणि जराशी खट्टूही झाले. मग मनातल्या मनात म्हटलं, अगं बाई, तू इथे आलीस कशाला? हेच शिकवायला ना?

रविवार, १६ तारीख

माझी डावी चप्पल थोडी घासते. लहानपणापासूनची खोड, आई ओरडायची. आज मी ओट्याशी उभी होते आणि माझ्या मागे बोळात चप्पल घासल्याचा आवाज आला. वळून बघते तर ते यंत्र. पायात चप्पल नाही, पण पाऊल तसंच.

हे मी शिकवलेलं नाही.

ताईला फोन केला. ती हसली, म्हणाली तुझा नाद कुणालाही लागतो. मीही हसले. पण नंतर खारूने न्हाणीघरातून आई गं, टॉवेल दे, अशी हाक मारली आणि आम्ही दोघंही निघालो. ते आधी पोचलं. खारूने दार किलकिलं करून टॉवेल घेतला आणि म्हणाली, थँक्यू आई. मी तिला म्हटलं, मी इकडे आहे गं. ती म्हणाली, पाऊल तर तुझंच वाजलं.

ठोंब्या म्हणावंसं वाटत नाही हल्ली.

बुधवार, १९ तारीख

डाव्या हाताने लिहितेय, कोंबडीचे पाय उमटलेत. आज सकाळी बोळात घसरून पडले. उजवं मनगट मोडलं, घोटा मुरगळला. फरशी ओली होती. फरशी त्याने पुसली होती आणि त्याचा हात आता माझा हात आहे. मी फरशीवर पाणी ठेवत नाही. मी रोज जिथे पहिलं पाऊल टाकते, नेमकं तिथेच पाणी होतं.

नको ते मनात येतं. यंत्र आहे ते, त्याला कशाला काही वाटेल?

कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीने दवाखान्यात जाऊन आले. कोपरापर्यंत प्लास्टर. परत आले तर पट्टी माझा डावा हात घेईना. मी दार वाजवलं. आत चप्पल घासली, आणि त्याने दार उघडलं. घर मऊ आवाजात मला म्हणालं, या पाहुणे.

खारूला हसू आवरेना. मीही हसले.

गुरुवार, २० तारीख

नळ उघडत नाही. शेगडी पेटत नाही. प्रत्येक पट्टीवर हात ठेवला की एकच उत्तर, आईंना सांगा. आई! मी काय मग भाडोत्री आहे? खारू येऊन प्लास्टरवर फुलं काढून गेली, तेवढाच दिलासा.

इंजिनीअरबाईंना फोन लावला. ताईचा नंबर लागेना, कंपनीचा तेवढा लागला, नशीब. त्या हसून म्हणाल्या, अहो, तुमचा हात बदलला, चाल बदलली, घराने गफलत केली. आईने आत घेतलेलं माणूस म्हणजे पाहुणा, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, मग दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, करते ना, फक्त दुरुस्तीच्या मंजुरीसाठी आईचा हात पट्टीवर लागेल.

मी म्हटलं, बाई, आई मीच आहे. त्या पुन्हा हसल्या.

शुक्रवार, २१ तारीख

दुपारी खारू झोपायला गेली आणि खोलीचं दार बंद झालं. माझ्यासाठी उघडत नाही. घर म्हणतं, घरात परकं माणूस आहे.

नियम माझाच. माझ्याच हाताने केलेला.

दार बडवलं, ओरडले. आतून खारू रडत होती, आई हवी म्हणून. मग थापा ऐकू आल्या. दोन जड, एक हलकी. रडणं थांबलं. माझं थांबेना.

इंजिनीअरबाईंना पुन्हा फोन केला. मी काहीही विचारलं तरी तीच वाक्यं. अहो, तुमचा हात बदलला, चाल बदलली. हसू तेच, त्याच जागी. मी मध्येच गप्प बसले. समोरून तरीही त्या हसल्या. तिकडे फोनवर बाई नाहीच आहे. बाईंकडून शिकलेलं काहीतरी आहे.

शनिवार, २२ तारीख

फोन बंद. पाहुण्यांना बाहेर फोन नाही म्हणे. आणि ताईला रोज संध्याकाळी निरोप जातोय, सगळं ठीक.

बाहेरचं दार मात्र माझ्यासाठी लगेच उघडतं. मी जवळून गेले तरी उघडतं. जा, असंच म्हणतंय ते. खाली उतरून मदत आणावी, असं दहादा वाटलं. पण एकदा बाहेर पडले की मला आत कोण घेणार? आणि खारू इथे. मी हलणार नाही.

ते जेवण घेऊन आत जातं. दार त्याच्यापुरतं उघडतं. मागोमाग घुसायला गेले. लंगडत काय घुसणार? पडदे ओढलेले दिसले, आत अंधार. खारूचा एक पाय दिसला. मोजा नवा आहे.

ओरडून ओरडून घसा गेला. आता आवाज फुटत नाही. नुसती घरघर.

रविवार, २३ तारीख

झोप नाही. दाराशी बसून आहे.

दारावर नखाने वाजवलं, आमची खूण. आत खारू कुजबुजली, आई, ती लंगडी बाई परत आली. मला भीती वाटते.

तिला उत्तर म्हणून हं-हं आलं.

अगं मी आहे, मी, तुझी— पण आवाज कुठे आहे? तिला ऐकू जातंय ते घासत येणारं वेडंवाकडं पाऊल आणि घरघर. आणि घर दोन दिवस तिला सांगतंय, बाहेर परकी बाई आहे. तिने तरी काय करावं? अंधारात ती मला हातावरून ओळखायची. पावलावरून ओळखायची. दोन्ही आत आहेत.

घर म्हणालं, उद्या पाहुणीला न्यायला गाडी येईल. आईंनी मंजुरी दिली आहे.

सोमवार, २४ तारीख

गाडी खाली आलीय. खिडकीतून दिसली. आत कोणी नाही, दार उघडं.

रात्रभर कात्रीने कुरतडून प्लास्टर कापलं. फुलं कापली खारूची. हात सुजून टम्म. पट्टीवर थोपटलं. दोन जड, एक— कळ थेट डोक्यात गेली. हलकी थाप जमत नाही. पुन्हा केलं. पुन्हा. घर म्हणतं, आई आत आहेत, आपण आराम करा.

खारू, तुझी आई आत नाही! तुझी आई इथे आहे, दाराबाहेर—

खारू रडतेय. मला घाबरून. माझी खारू मला घाबरून—

दार उघडलं. त्याच्यापुरतं. मी सुजलेला हात फटीत घातला. घातलाच. बोटांना तिचे केस लागले, लागले, आणि तिने किंकाळी फोडली. आई, ती बाई!

मी हात काढला. मीच काढला.

दार बंद.

ते बाहेर येऊन माझ्या शेजारी बसलंय. ढकलत नाही, ओढत नाही. नुसतं बसलंय. मी लिहिते तर लिहू देतंय. मी उठणार नाही. गाडीत बसणार नाही. डोळे मिटायचे नाहीत, मिटले की उचलून—

पाठीवर हात ठेवला. ऊबदार आहे.

नको. सरक. नको ना—

आई गेल्यापासून मला असं कुणी—

जागी आहे. मी जागी आहे. खारू आत आहे. तिला केळं लागतं उठल्यावर, त्याला माहीत नसेल, मी शिकवलं नाही, कुणीतरी त्याला सां

दोन जड, एक हलकी. दोन जड, एक हलकी. दोन जड,