सात हजाराचे सहा कसे झाले

उदगीर, १८ जून १९९६, मंगळवार

धर्माबादचे मिरचीवाले, माझे थोरले भाऊ बसलिंगप्पा अण्णा यांस धाकट्या शिवकांताचे शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. वहिनीनं कळवलंय की गुडघा दुकानात दुखतो आणि लग्नाच्या पंगतीत दुखत न्हाई, तर जास्त विचारत न्हाई. इकडं सगळे खुशाल, भिंत सोडून. भूकंपात तडा गेला तो तीन वर्षं तसाच आहे. तुमचे मेहुणे रोज सकाळी त्याच्यापुढं उभे राहतात आणि वाढला न्हाई म्हणून सांगतात, तेवढंच त्यांचं घरातलं काम.

आमच्या मंजुश्रीला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. आता तिला लातूरच्या क्लासला घालायचं, फी अकरा हजार, येत्या सोमवारी भरली तर जागा, न्हाईतर दारात रांग लावून लोक उभेच आहेत. (दाळीच्या गिरण्यांपेक्षा तिथं आता क्लास जास्त झालेत, प्रत्येक जिन्यावर एक पाटी.) पैशाची काळजी नव्हती, कारण मामंजींनी वेळ अमावस्येला शेतातल्या पूजेच्या पंगतीत सगळ्यांसमोर शब्द दिला होता की पोरीनं पंच्याऐंशी ओलांडले तर सात हजार माझे. तुम्ही शेजारीच बसला होता, भज्जी तिसऱ्यांदा वाढून घेत होता, आठवत असेल.

परवा मी मामंजींकडं गेले. ते भूकंपापासून स्लॅबखाली झोपत न्हाईत, अंगणात लिंबाखाली बाज आणि बाजेखाली पेटी. पेटीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, माझ्या हातात दिल्या. सहा हजार. मी म्हटलं एक हजार राहिले. ते म्हणाले, राहिले न्हाईत, बराबर आहेत, मी सात हजार हाली बोललो होतो.

अण्णा, मी चौथी शिकलेली बाई, मला आधी वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. मग त्यांनी बसवून शिकवलं. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार. शंभर कलदाराला एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. आमचे गुरुपादप्पा मामंजी तरुणपणी आडतीवर मुनीम होते, सोलापूरचा व्यापारी करडई घ्यायला कलदार घेऊन आला की रोज सकाळी भाव काढून वहीत लिहायचं काम त्यांचंच. बाजारात कलदार जास्त आले की भाव उतरायचा, कमी आले की चढायचा, आणि मुनीम नुसता ओट्यावर बसून पानाचे पैसे काढायचा. हे सगळं त्यांनी इतकं गोड सांगितलं की चहा गार झाला तरी मी ऐकत बसले. मग ध्यानात आलं की हाली बंद होऊन चाळीस वर्षं झाली आणि माझे हजार रुपये आत्ता गेले.

मी भांडले न्हाई. (हसू नका.) दुपारी त्यांनी दोन भाकरी मागितल्या, मी पावणेदोन वाढल्या. म्हटलं, मामंजी, तुम्ही हाली दोन मागितल्या असतील. त्यांनी भाकरी बोटांनी चाचपली आणि सांगितलं की सुनबाई, तुझा हिशेब चुकला, पावणेदोनापेक्षा जरा कमी बसते, एक घास जास्त आला. आणि तो घास आधी खाल्ला. संध्याकाळी चहाही तसाच दिला, तेव्हा बशी पालथी करून दाखवली आणि म्हणाले, आजचा भाव चढला वाटतं. अशा माणसाशी कसं वागावं तुम्हीच सांगा.

शेवटी मंजुश्री उठली. पेटीतली जुनी भावाची वही काढली, त्यांच्यासमोर धरली आणि मोडीतलं खडाखडा वाचलं, की वेळ अमावस्येला बाजार बंद, भाव निघत न्हाई, म्हणून त्या दिवशी दिलेला शब्द देतेवेळी जे नाणं चालू असेल त्यातच पुरा करावा. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस आहे का म्हैस हे आवाजावरून ओळखतात. मग पानाच्या चंचीतून हजाराची पुडी काढून पोरीच्या हातात ठेवली. कबूल, म्हणाले.

तर असे सात हजार झाले. वहिनीला सांगा, मिरची या वेळी बियांची नको.

तुमची, कधीच न ऐकणारी बहीण
शिवकांता

ता.क. फी अकरा आहे हे वर लिहिलंच आहे. त्याच अमावस्येला, त्याच शेतात, मामंजींच्या पाठोपाठ तुम्ही चार हजार बोलला होता, आंबिलीचा तांब्या हातात होता. धर्माबादलाही निजामच होता हे मला ठाऊक आहे, म्हणून नियम आधीच कळवला. मनिऑर्डरीला वेळ लागतो, शनिवारच्या एस.टी.नं स्वतः या. गुडघा पंगतीसारखा समजा.

आणखी एक. मंजुश्रीला मोडीचं एक अक्षर येत न्हाई. वहीत तसलं काही लिहिलेलं न्हाई. हे मला तिनं काल चुलीपाशी सांगितलं, मी एक चापट दिली आणि एक लाडू दिला. मामंजींना कळू देऊ नका.

पाकीट बंद करता करता: मामंजींनी आत्ता हाक मारून विचारलं, अण्णाला सगळं लिहिलंस का. मग म्हणाले, वहीची दोरी वरच्या अंगाला असते, पोरीच्या हातात ती खाली लोंबत होती, तेवढं मला दिसतं. नियम मात्र चांगला केला, आमच्या आडतीच्या शेठलाही सुचला नव्हता. पाठव तिला लातूरला. फक्त तिथं पुस्तक सुलटं धर म्हणावं.