आवरलेला पसारा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे या खेपेला खुर्चीत बसूनच, मनाने मी आडवी झाले आहे असं समज). तुझी दाढ काढली का? आतोबा डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं फिरतात, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन पेपर वाचून येतात? तू म्हणतेस फोन कर, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, बाबांनी मला सिनेमाच्या नादाला लागायला मोजून एक वर्ष दिलं. वर्षाच्या आत पडद्यावर नाव दिसलं पाहिजे, नाहीतर मुकाट्याने काकांच्या विम्याच्या ऑफिसात. (काकांनी माझ्यासाठी टेबलही पुसून ठेवलंय म्हणे. ते स्वतःचं कधी पुसत नाहीत.) ते वर्ष या महिनाअखेरीला संपतं. पहिले तीन महिने मी वायरी गुंडाळणं, कॉफी पोचवणं आणि शूटिंगच्या वेळी रस्त्यावरच्या लोकांना हात जोडून थांबवणं, एवढ्याच कला शिकले. मग एकदाची एका कलादिग्दर्शिका बाईंच्या हाताखाली लागले आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण दोष निम्मा तुझा आहे.

त्याचं झालं असं. बायको सोडून गेलेल्या एका माणसाचं स्वयंपाकघर, असा सेट होता. बाईंनी दोन दिवस खपून तिथे पसारा मांडला होता. तळाशी चहा वाळलेले अकरा कप, चुरगळलेले पेपर, ओट्यावर सांडलेली साखर, आणि सगळ्यावर चाळणीने चाळलेली बारीक धूळ. (हो आत्या, धूळ चाळून टाकतात. त्याचे पगार मिळतात.) जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धा प्रसंग चित्रित झाला. बाई मला म्हणाल्या, इथे थांब आणि लक्ष ठेव. आता लक्ष कशावर ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि अशा ओट्याकडे नुसतं बघत बसायचं वळण तू मला लावलेलं नाहीस. पहिला कप मी केवळ हाताला चाळा म्हणून विसळला. त्यानंतर कुठे थांबायचं असतं ते तूच सांग. पाऊण तासाने मंडळी परतली तेव्हा मी खिडकीची काच पुसत होते.

बाईंनी एकेक कप उचलून त्याचा लख्ख तळ पाहिला. कॅमेरामनने कपाळाला हात लावला. दिग्दर्शक (आम्ही त्यांना मौनीबाबा म्हणतो) स्टुलावर बसले ते बसलेच. सगळ्यात हाल झाले ते नटाचे. बिचारा सकाळपासून दुःखात शिरून बसला होता, आणि ते लख्ख स्वयंपाकघर बघून इतका प्रसन्न झाला की त्याला रडूच येईना. मी मात्र रडत होते. माझी ट्रंक थेट काकांच्या टेबलापाशी पोचलेली मला दिसत होती.

पण रडता रडताच मी कप परत मांडायला घेतले. तिसऱ्याचा कान खिडकीकडे, सातव्याखाली चहाचं वर्तुळ, पेपर उजवीकडून दुमडलेला, साखर डब्यापासून वीतभर अंतरावर. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर मी मनातून चिडले होते, आणि चिडलेलं माणूस काही विसरत नाही (हेही तुझ्याकडूनच आलं). बाईंनी सकाळचे फोटो काढून पडताळून पाहिलं. एका चमच्याचा फरक निघाला. मौनीबाबा त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले, "हिला वही द्या." कोणती वस्तू कुठे होती याची नोंद ठेवणारी मुलगी आठवड्यापूर्वी काम सोडून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझं झालं. मी इतकी खूश होते की घरी येऊन माझी खोली आठवडाभर आवरली नाही.

आता तो सिनेमा येत्या शुक्रवारी लागतोय. बाकी सगळं क्षेम. दाढेचं मनावर घे.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते) भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण. दुपारच्या खेळाची तिकिटं सोबत आहेत, तू, आतोबा आणि आईबाबा. माझं नाव सगळं संपल्यावर, शेवटून चौथ्या ओळीत येतं. आणि बाबा, गाडी काढताना गर्दी होते म्हणून, सिनेमा संपायच्या पाच मिनिटं आधी उठतात. जन्मात त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. तर तू कडेच्या खुर्चीवर बस आणि हलू नकोस. थोरल्या बहिणीला ओलांडून जायची त्यांची छाती नाही.

ता. क. २ : नाव दोन सेकंदही टिकत नाही. शिंक आली तर दाबून धर.

ता. क. ३ : मीही त्याच खेळाला येणार आहे, अगदी मागच्या रांगेत. बाबांना कळू देऊ नकोस. आणि आत्या, वरचं सगळं खोड. तू मधल्या खुर्चीवर बस, वाट मोकळी ठेव. ते आपणहून बसून राहिलेले मला बघायचेत.