कव्हर लावण्याआधी

१२ तारीख, सोमवार

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पंपाला कान लावून दोष सांगायची विद्या मला काय भावात पडली, ते आज मोजलं: डाव्या तर्जनीचं एक पेर, बायकोचे वीस वर्षांचे रविवार आणि तुझ्या अकरा पत्रांची न दिलेली उत्तरं. पण माल चोख मिळाला. दोष ऐकला, मिटवला, कव्हर लावलं, की माझ्या दुकानातला पंप परत येत नाही. कालच बेकरीवाल्याचा गळका पंप तासात वाटेला लावला.

तुझ्या भाचीला आठवा आठवडा लागला. मूल राहावं म्हणून चार वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली, आणि मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भ पिशवीत, जागच्या जागी दिसला; ठोकेही होते. कालपासून ओटीपोटात उजवीकडे दुखतंय. आज आडवी झाली की खांदा दुखतो म्हणाली, चक्करही आली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून काळजी नको म्हटलं. जावई घाबरट, त्याला म्हटलं, बादली उचलली असेल.

तुझी माया आहे तशी असू दे.
तुझा भाऊ

१३ तारीख, मंगळवार

चि. कानसेनास,
आशीर्वाद, आणि एक कानपिचकी.

पत्र सकाळीच आलं. दुकानात सात वेळा फोन केला. पंपांच्या घरघरीत तुला ऐकू गेला नाही. मग जावयाला गाठून तिला तडक मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. आता हात रिकामे, म्हणून लिहिते.

तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात नर्स होते मी. पोटात रक्त साचलं की खांदा बोलतो. दोघींचा पाहिलाय, त्यातली एक गेली. त्यांचा गर्भ नळीत राहिला होता. आपल्या पोरीचा पिशवीत, म्हणून सगळे निर्धास्त. पण त्या इंजेक्शनांनंतर कधी दोन राहतात, एक पिशवीत नि एक नळीत. हजारोंत एखादीला. पहिला सापडला की दुसरा कोणी शोधत नाही. जावयाकडून एकच वाक्य घोकून घेतलं: पिशवी पाहिली, आता नळ्या बघा. नळीतला इंजेक्शनने विरघळवू म्हणाले तर थांबवायचं, तेही सांगितलंय. ते पिशवीतल्यालाही सोडत नाही.

फोन अजून वाजलेला नाही. मी त्याच्याशेजारीच बसलेय.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आक्का

१७ तारीख, शनिवार

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर अर्धंच बोललो, बाकीचं इथे लिहितो. जावयाने तुझं वाक्य तिथे तीनदा म्हटलं. तरुण डॉक्टरीण आधी त्याच्यावर वैतागली, मग यंत्र उजवीकडे सरकवलं आणि ऑपरेशनची तयारी करा म्हणून ओरडली. दुसरा उजव्या नळीत होता, नळी फुटलेली. पोटात दीड लिटर रक्त. पिशवीला धक्का न लावता नळी काढली, चार बाटल्या रक्त चढवलं. पोरगी वाचली, पण पिशवीतला टिकेल का, ते कोणी सांगेना. तीन दिवस जिन्यावर बसून होतो. लिफ्टचं बेअरिंग गेलंय, एवढंच ऐकू यायचं.

आज पडद्यावर ठोका दाखवला. मी सवयीने कान पुढे केला. इतक्या लवकर ऐकवत नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाहून घ्या. मोहरीएवढं काहीतरी लुकलुकत होतं. पोरीने माझ्या वाढलेल्या दाढीवर शेरा मारला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

जावयाला घाबरट म्हणणं बंद केलंय. राग ओसरला तरी पत्र चुकवू नकोस. मीही चुकवणार नाही.

तुझा भाऊ

ता. क. बेकरीवाल्याचा पंप परत आलाय. पहिल्या गळतीच्या खाली, चार बोटांवर, दुसरी होती.