सावल्यांना लावलेली पट्टी

निपाणी
रविवार, १२ जानेवारी २०२५

सौरव यास,

जयजिनेंद्र.

सकाळी बस्तीत देवदर्शन करून आलो. दूध आणलं. दहा वाजता लाईट गेली ती बाराला आली. दुपारी कुणी आलं नाही. माझी प्रकृती ठीक आहे. तुझी आई, पद्मावती आक्का, बऱ्या असतील.

पत्राचं कारण माझ्या पोरीचा, दिव्याचा, फोटो.

गुरुवारी संकेश्वरहून आण्णाप्पा आले होते. त्यांच्या साडीच्या दुकानाची जाहिरात तू काढलीस, तिचा नमुना त्यांनी मोठ्या कागदावर छापून आणला. मी व्हय म्हटल्याशिवाय हायवेला बोर्ड लावणार नाही म्हणाले. पाडव्याच्या जाहिरातींचं काम तुला द्यावं की कोल्हापूरचा माणूस बोलवावा, हेही त्यांनी मलाच विचारलं. दुखवट्याला मी चार लोकांत जे बोललो ते सगळीकडे पोचलं आहे. आण्णाप्पा म्हणाले, "मामा, महिना झाला, त्या पोराला कोन बारशाचा फोटो काढाय बी बोलवंना."

मी तो नमुना ठेवून घेतला. बोर्डाला व्हय म्हटलं नाही.

त्या दिवशी तुझ्या आणि आक्कांच्या तोंडावर जे बोललो, तेच पुन्हा लिहितो. फोटोच्या नादात तू दिव्याला ऊन उतरेपर्यंत थांबवून घेतलंस. म्हणून ती अंधार पडताना तवंदी घाटात होती, आणि अपघात तिथेच झाला. वेळेवर सोडलं असतंस तर उजेडात घरी आली असती.

तुम्ही दोघं सांगता की काम चारच्या आत संपलं, मग ती तुमच्या घरी आली आणि सव्वापाचला आपणहून निघाली. आई मुलाच्या बाजूने बोलणारच. पण फोटो कुणाच्या बाजूने बोलत नाही. मी बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात एकोणतीस वर्षं लोखंडाची ओतीव कास्टिंग तपासली. भेग सरळ उजेडात दिसत नाही. बॅटरी आडवी धरून तिरपा उजेड टाकला की केसाएवढी भेगही सावली टाकते. उजेड कुठून आला आणि सावली कुठे गेली, एवढंच मी आयुष्यभर बघितलं. तुझा फोटो मी तसाच तपासला आहे.

दिव्या उजव्या बाजूला बसली आहे. डावीकडे निम्म्याहून जास्त जागा मोकळी सोडून तिथे दुकानाचं नाव घातलं आहे. उजेड डावीकडून येतो. रंग तांबूस. डाव्या गालावर उजेड, उजवा गाल पार काळोखात. नाकाची सावली खाली न जाता जवळजवळ आडवी गेली आहे, म्हणजे उजेड फार खाली उतरलेला आहे. मागच्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली आहे. वरच्या गजाचा तिरकेपणा मी पट्टी आणि कोनमापक लावून मोजला. मग आपल्या पश्चिमेच्या खिडकीसमोर स्टुलावर नारळ ठेवून तीन दिवस दर दहा मिनिटांनी सावली टिपली. डिसेंबर आणि जानेवारीचा फरकही धरला. ती सावली मावळतीच्या आधी अर्ध्या तासाची येते. त्या दिवशी तो अर्धा तास म्हणजे साडेपाच.

आणि तिचं तोंड बघ. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. नजर बाजूला गेली आहे, उजेडाकडे. दिवस किती राहिला ते बघते आहे. आपल्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे तुला सांगायला नको. तिला घाई झाली होती आणि तू तिला हलू दिलं नाहीस.

तुझं काही म्हणणं असेल तर लेखी कळव. महिन्याअखेर मी आण्णाप्पांना उत्तर देणार आहे.

गोमटेश मगदूम


निपाणी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सौरव यास,

जयजिनेंद्र.

आज बाजार होता. भाजी घेतली, चप्पल शिवून आणली. थंडी कमी झाली आहे.

तुझं पाकीट मिळालं. पत्र असेल म्हणून उघडलं तर नुसता मोठा फोटो, दुकानाचं नाव न घातलेला, पुरा. पाठीमागे पेन्सिलीने एक ओळ. "काका, पट्टी सगळ्या सावल्यांना लावा."

मला राग आला. दोन दिवस तो फोटो कपाटावर पडून होता. तिसऱ्या दिवशी घेतला.

नाव काढल्यावर सगळी भिंत दिसते. सात गज आहेत. सातांना पट्टी लावली. वरचा गज मी मोजला तसाच आहे. दुसरा त्याहून जास्त तिरका. चौथा आणखी झुकलेला. सातवा तर पार खाली गेला आहे. हाताची बोटं फाकवावीत तशा सावल्या फाकल्या आहेत. मी त्या कागदाच्या बाहेर वाढवून ओढल्या. सगळ्या एका ठिकाणी येऊन मिळाल्या, दिव्याच्या खुर्चीपासून सहा-सात फुटांवर.

सूर्य लांब आहे. सरळ बसवलेल्या गजांच्या सावल्या उन्हात एकमेकींना धरून जातात, फाकत नाहीत. फाकतात त्या दिवा जवळ असला तर. म्हणजे ऊन नव्हतंच. तू दिवा लावला होतास, त्यावर तांबडा कागद, आणि पुढे पुठ्ठ्याचे गज कापून. संध्याकाळ तू बनवलीस. ती सकाळी दहालाही बनवता येते आणि दुपारी तीनलाही.

पहिल्या नमुन्यातही नावाच्या खालून सातव्या गजाचं टोक दिसत होतं. मी ते मोजलं नाही. कामावर नव्या पोरांना मी हेच शिकवत होतो की एका ठिकाणी मोजून माल पास करायचा नाही आणि नापासही करायचा नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी दिवसभर बाहेर उभा केला असता.

आण्णाप्पांना फोन करून डावीकडच्या मोकळ्या जागेबद्दलही विचारलं. ते हसले. म्हणाले, "मामा, जाहिरातीत बाईनं नावाकडं बघायचं असतंय. ती आपल्याकडं बघाय लागली तर दुकान कोन बघतंय?" म्हणजे तिची नजर दिवस बघायला गेली नव्हती. तू सांगितलंस म्हणून तिथे होती. मी त्या मोकळ्या जागेकडे तीन आठवडे बघत बसलो होतो. तिथे कुणीतरी असायला पाहिजे होतं असं मला वाटायचं. ती अक्षरांसाठी ठेवलेली जागा.

काम चारच्या आत संपलं हे मला मान्य आहे. माझं मोजमाप चुकलं.

पण त्यामुळे एक प्रश्न राहतोच. ती तुमच्या घरी होती. दिवसाउजेडी ताट वाढलं होतं, असं आक्का दुखवट्याला म्हणाल्या. मावशीच्या घरचं वाढलेलं ताट सोडून कुणी उठत नाही. मग सव्वापाचला ती का निघाली? निघताना आक्कांना काही बोलली का? त्याआधी कुणाशी फोनवर बोलली का? आक्कांना आठवत असेल तेवढं कळव. नसेल आठवत तर राहू दे.

आण्णाप्पांना अजून उत्तर दिलेलं नाही. तुझं पत्र आल्यावर देईन.

गोमटेश काका


निपाणी
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौरव यास अनेक आशीर्वाद.

पहाटे उठलो. आंघोळ करून बस्तीत गेलो. अकराला घरी आलो आणि तेव्हापासून हे लिहितो आहे. दोन कागद फाडले.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तू लिहिलंस की दिव्याने स्वयंपाकघरातूनच फोन लावला, थोडं बोलली, ताटावरून उठून हात धुतला. आक्कांनी विचारलं तर "आप्पा उपाशी बसल्यात, मी गेल्याबिगर जेवनार न्हाईत" म्हणाली आणि गाडीची किल्ली घेतली. तू पुढे लिहिलंस, "आई दवाखान्यातच म्हणाली होती, हे काकांच्या कानावर घालायचं न्हाय, माणूस जगायचा न्हाय."

म्हणजे दुखवट्याला मी तुम्हाला बोलत होतो तेव्हा तुम्हा दोघांना हे माहीत होतं. आक्का खाली बघत बसल्या होत्या. मला वाटलं, लाजेने. तू एवढंच म्हणालास की काम चारला संपलं काका. सव्वा दोन महिने तुझं काम बंद आहे, आणि तू मला पाठीमागे एक ओळ लिहून फोटो पाठवलास. ती ओळही सावल्यांबद्दल होती.

आता मी सांगतो.

फोन पाच वाजून चार मिनिटांनी आला. माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. ती म्हणाली, "आप्पा, आज हितंच राहते मावशीकडं. दिवस कमी राहिलाय, घाट नको. मावशीचं पिठलं तुमच्यागत पाणीदार नसतंय." ती हसत होती. मागे कुकरची शिट्टी झाली. स्टुडिओत कुकर नसतो. ती कुठे होती हे मला त्याच वेळी कळलं होतं. तरी मी लोकांत सांगितलं की तू तिला स्टुडिओत अडकवलंस. नंतर तो तांबूस उजेड बघितला आणि मला आधार सापडला. कोन मोजला, नारळ ठेवला, वेळ लिहिली. साडेपाच आले तेव्हा मला बरं वाटलं. साडेपाचला ती स्टुडिओत असेल तर कुकर वाजला नव्हता, आणि फोनवर मी जे बोललो त्याने काही झालं नव्हतं. म्हणून सातवा गज मोजला नाही.

मी काय बोललो ते असं. "ऱ्हा की. तुझी मावशी हाय, तुझं काम हाय. मी मात्र तू आल्याबिगर ताट घेनार न्हाय. दिवस मावळला तर मावळला." तुझी मावशी, म्हणजे दिव्याची आई, गेल्यापासून आम्ही दोघं एकत्रच जेवत होतो. तिला फोटोचं काम मिळायला लागल्यापासून मी हे वाक्य चार-पाच वेळा बोललो असेन. ती प्रत्येक वेळी आली. एकदा बेळगावहून आली, मावळायला दहा मिनिटं होती, धापा टाकत आत आली आणि म्हणाली, "वाढा आप्पा, जिंकला तुम्ही." मला ते आवडायचं. आपल्यातला नियम जिवाला जप म्हणून आहे. मी तो तिला ओढायची दोरी केला.

आज बस्तीत पूजा झाल्यावर लोक थांबले होते. दुखवट्याला आलेले बहुतेक सगळे होते. मी उभा राहून सांगितलं की फोटोतलं ऊन खरं नाही, तो दिवा आहे, सौरवने माझ्या मुलीला चारलाच सोडलं, तिला घाटात मी बोलावलं. एक म्हातारे, गुंडाप्पा, शेजारी येऊन म्हणाले, "बस खाली, गोमटेश." मी बसलो. आण्णाप्पांनाही हेच लेखी दिलं आहे. त्याची नक्कल सोबत ठेवली आहे. पाडव्याचं काम तुलाच द्यावं असं त्यात आहे. ते तुला कुणाच्या सांगण्यावरून मिळावं ही वेळ मी आणली.

एक गोष्ट बस्तीत सांगितली नाही. ती तुमच्या दोघांनाही माहीत नाही.

फोन ठेवल्यावर मी ओसरीवर बसलो. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. ऊन समोरच्या घराच्या पत्र्यावर गेलं. ती येणार नाही असं मला वाटलं. या वेळी ऐकलं नाही, मोठी झाली, असं मनात आलं. मग आत गेलो आणि जेवलो. दोन भाकरी, आमटी, भात. ताक घेतलं. दिवस मावळायच्या आत हात धुतला. मी जेवलो तेव्हा ती घाटात असेल. मला उपाशी राहू द्यायचं नाही म्हणून ती गाडी पळवत होती, आणि मी जेवून ढेकर दिला होता. फोन करून सांगू शकलो असतो की सावकाश ये, माझं झालं. केला नाही. माझा शब्द खाली पडला असता.

हे आक्कांना तू सांगू नकोस. मी येऊन सांगेन. दारात घेतलं नाही तर दारात उभा राहून सांगेन.

बोर्डाचं तू आणि आक्का ठरवा. माझ्याकडून व्हय आहे. लावलात तर तुझं नाव खाली बारीक अक्षरात असू दे, असं आण्णाप्पांना लिहिलं आहे.

फोटो मी पुन्हा बघितला. या वेळी पट्टी घेतली नाही. मी आधी लिहिलं होतं की तिच्या तोंडावर घाई दिसते. घाई नाही. उजवा गाल काळोखात आहे, पण ओठाचा तो कोपरा थोडा वर गेलेला दिसतो. तिला हसू येतंय आणि ती दाबून बसली आहे. तू किंवा दुसऱ्या कुणी काहीतरी बोललं असणार. काय बोललात ते आठवत असेल तर मी आल्यावर सांग. दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. त्या वेळी तिला कुठेही पोचायचं नव्हतं.

मध्ये नळ आला म्हणून उठलो होतो. घागरीच्या तोंडावर गाळणं बांधून पाणी भरलं. एकच घागर भरली, एकट्याला तेवढी पुरते. आता गाळणं पिळून दोरीवर टाकतो.

तुझा अपराधी,
गोमटेश काका